दोतोनबोरीचं पुडकं

सुभाष कुवेतच्या एका बँकेत संशयास्पद व्यवहार शोधणाऱ्या खात्यात होता. ते खातं तो घरीही घेऊन येतो, असं त्याची बायको सुजाता म्हणायची. दोघं जपानला, ओसाकाला फिरायला गेले तेव्हाही तेच. दोतोनबोरीच्या रस्त्यावर माणूस माणसाला खेटून चालत होता. एका हॉटेलच्या माथ्यावर भलामोठा खेकडा नांग्या हलवत होता, कालव्याच्या पाण्यात पाट्यांचे रंग उतरले होते. सुजाता हरखून गेली होती. सुभाषचा हात पासपोर्टच्या खिशावरून हलत नव्हता.

पुलावर उभं राहून सुजाता म्हणाली, की कुवेतमधल्या आपल्या रिग्गई भागातल्या सगळ्या बिल्डिंगा मिळून एवढे दिवे नसतील. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "कुवेतहून आलात का?"

मराठीत. सुभाष दचकलाच.

माणूस चाळिशीचा होता, नाव हमीद. मूळचा दापोलीकडचा, बरीच वर्षं कुवेतमध्येच खैतानला काढलेली, आता इथल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. आई आणि बहीण लैला अजून खैतानलाच आहेत, असं तो म्हणाला. सुभाषनं खैतानच्या गल्ल्यांवरून त्याची उलटतपासणी घेतली. सगळी उत्तरं बरोबर आली, त्यामुळे संशय वाढलाच. इतकं नेमकं कुणाच्या लक्षात राहतं?

आईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी इथल्या गुडघ्याला चिकटवायच्या औषधी पट्ट्या न्याल का, असं हमीदनं विचारलं. सुभाष नाही म्हणाला. अनोळखी माणसाचं पुडकं नेऊन तुरुंगात गेलेल्यांच्या गोष्टी कुवेतमध्ये सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. मग हमीदनं समोरच्या दुकानातून, त्यांच्या डोळ्यांदेखत पट्ट्या घेतल्या. याला सगळं तयारच कसं असतं, असं सुभाष पुटपुटला. सुजातानं मात्र पुडकं घेतलं आणि पत्ताही विचारून घेतला.

हॉटेलवर सुभाषनं एकेक पाकीट उजेडात धरून पाहिलं. कुवेतच्या विमानतळावर बॅग तपासणीच्या यंत्रात गेली तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. कुणी काही विचारलं नाही. इतकं सहज कसं सोडलं, हाही घोर त्याला घरापर्यंत पुरला.

शुक्रवारी तो एकटाच खैतानला गेला. साखळी न काढता एका बाईनं दार किलकिलं केलं. लैलाच होती. हमीदचं नाव ऐकताच तिचा चेहरा घट्ट झाला. भाऊ भांडून गेला त्याला सहा वर्षं झाली होती, त्यानंतर एक फोन नव्हता. पुडक्याला तिनं हातही लावला नाही.

"खरं सांगा, तुम्हाला कुणी पाठवलंय?"

असा प्रश्न आजवर सुभाषच विचारत आला होता. तो सांगू लागला, पूल, खेकडा, औषधांचं दुकान. लैला ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "त्याच्या डाव्या भुवईला काय आहे?"

"व्रण. भुवई मधेच तुटलीय."

साखळी निघाली. आत बसल्यावर लैलानं पुडकं मांडीवर घेतलं आणि उघडलं.

"आईला जाऊन दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "त्याला कळवायचं कसं, तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याचा नंबर द्या, आत्ता लावते."

सुभाषनं फोन हातात घेतला आणि तसाच धरून बसला. पुलावर हमीद नंबर देत होता. नको त्या माणसाचा नंबर आपल्या फोनमध्ये नको म्हणून त्यानं नाही म्हटलं होतं, सुजातालाही घेऊ दिला नव्हता.

"माझ्याकडे नाही," तो म्हणाला.

लैलानं त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा दारातल्यासारखंच.