शीरबाबाचं लाल पाणी

सिंदी रेल्वे गावातल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात एवढी दाटी झाली होती, की माधवीला आत शिरायला वाट मिळेना. तेवढ्यात "निघालं! निघालं!" असा गलका उठला आणि बाया हात जोडून मागे सरल्या. हळद फासलेल्या एका सुजलेल्या पायावरून लालभडक पाणी परातीत ओघळत होतं. ना सुई, ना ब्लेड. कातडीवर साधा ओरखडाही नव्हता.

तो पाय माधवीच्या वहिनीचा, सुलोचनाचा होता.

माधवी सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वहिनीची गर्भपिशवी दुर्बिणीतून काढली होती, म्हणून ती सकाळी भेटायला माहेरी आली, तर घराला कुलूप. भाऊ परगावी होता. शेजारीण म्हणाली, "सुलोचनाचा डावा पाय सुजला. तुमची माय तिले शीरबाबाकडे घेऊन गेली."

आता तो शीरबाबा पितळी लोटा उंचावून गर्जत होता, "डॉक्टर पोटाले भोकं पाडते, अन् त्याच भोकातून करणी आत शिरते! पोटातून उतरते अन् पायाच्या शिरेत गाठ मारून बसते! मशीनले दिसन काय? नाई दिसत! मशीनले डोळे हायेत, दृष्टी नाई!"

"नाई दिसत!" गर्दीनं री ओढली.

"सडकं रक्त निघालं. आता गाठ फोडतो." त्यानं जाडजूड लाटणं उचललं.

"थांबा! तो पाय चोळायचा नाही!" माधवी माणसं ढकलत पुढे घुसली.

"माधवी, काऊन मधात पडून राह्यली तू?" तिची आई आनंदाबाई घाबरून ओरडली. "बाबाले राग येईन!"

माधवीनं वहिनीकडे पाहिलं. ओठ कोरडे, कपाळावर घाम. "ताई," सुलोचना कशीबशी बोलली, "छातीत टोचून राह्यलं. दम पुरत नाई."

 माधवी वहिनीला उठवायला वाकली, तोच दोन शिष्य आडवे आले. "गाठ अर्धी सोडून नेली तर बाई मरन," बाबा शांतपणे म्हणाला. "मंग आम्हाले बोल लावू नका."

गर्दी बाबाच्या बाजूची होती. भांडून वाट मिळणार नव्हती.

"बरं. मग माझीही करणी काढा," म्हणत माधवीनं ताटातली हळद स्वतःच्या हातावर फासली आणि बाबाला कळायच्या आत लोटा हिसकावून पाणी ओतलं. हात लालभडक झाला.  तिनं नैवेद्यातलं लिंबू दातानं फोडलं, हातावर पिळलं. लाल रंग पुन्हा पिवळा पडला.

"माझा हात तर धडधाकट आहे ना? मग हे कोणतं सडकं रक्त? लोट्यात चुन्याची निवळी आहे. ती हळदीवर पडली की लाल होते. शाळेतल्या मुली वर्गात करून दाखवतात हे!"

"ही बाई नास्तिक हाये!" बाबा किंचाळला. पण एका म्हातारीनं परातीत बोट बुडवलं, त्यावर लिंबू चोळलं आणि ते पिवळं बोट शेजारणीला दाखवलं. कुजबूज पसरली. आनंदाबाईनं शिष्याला दोन्ही हातांनी बाजूला लोटलं. "सरका! माह्या सुनेले दवाखान्यात न्यायचं हाये!"

गावातल्या धम्मदीपनं गाडी काढली. वर्ध्याच्या दवाखान्यापर्यंत आनंदाबाई सुनेचा हात धरून तिचा श्वास ऐकत बसली होती. मध्येच तो अडखळला, की तिच्या हाताची पकड घट्ट व्हायची.

सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. तिचा छोटा तुकडा फुप्फुसात जाऊन पोचला होता. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लगेच सुरू झाली. दुसऱ्या दिवशी धोका टळला, तेव्हा डॉक्टरबाई समजावून सांगू लागल्या. "भोकं लहान म्हणून ऑपरेशन लहान नसतं. पोटात गॅस भरतात, त्याचा शिरांवर दाब येतो, पायही बराच वेळ एकाच स्थितीत राहतात. पायांतलं रक्त मंदावतं. म्हणून तर लवकर चालायला सांगतो, घट्ट मोजे देतो. तो पाय लाटण्यानं रगडला असता, तर मोठी गुठळी सुटून जीव गेला असता."

आनंदाबाईनं मान खाली घातली. "मोजे मीच काढले. तंग होतात म्हणून. पलंगावरून उतरूच देल्लं नाई तिले."

"तुमची माया खोटी नव्हती, आजी. पण आधी आम्हाला विचारायला हवं होतं."

सुलोचना घरी आल्यावर आनंदाबाई माधवीला घेऊन बाबाविरुद्ध तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात निघाली. शेजारणीनं अडवलं, "बाबाचा शाप लागन ना!"

"लागू दे. सून गेली असती तर मी कोणाले जाब विचारला असता?"

अशा बाबांभोवती गर्दी आपणच जमवतो. डोळ्यांना दिसलं म्हणून हात जोडण्याआधी, हे कसं झालं, एवढं तरी विचारा. आणि ऑपरेशननंतर एकच पाय सुजला, दुखला, किंवा छातीत टोचून दम लागला, तर कोणाच्याही अंगाऱ्याची वाट पाहू नका. पाय रगडू नका. तडक दवाखाना गाठा.