सोलून न निघणारं पोस्टर

"थांबा, आधी मला बघू दे," संग्राहक म्हणाला, आणि डिंक्याने स्वतःच्याच पोस्टरवरून हात मागे घेतला.

डिंक्या म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं भिंतीवर लावणारा. एकेचाळीस वर्षं त्याने दुसरं काहीच केलं नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव केव्हाचंच फक्त कागदोपत्री उरलं होतं. चाहत्यांची जात मोठी वाईट. पोस्टर ओलं असतानाच सोलून घरी न्यायची. दुसऱ्यांची पोस्टरं दुपारपर्यंत गायब व्हायची, डिंक्याचं मात्र तसूभर हलत नसे. खळीत तो काय मिसळायचा हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही, आणि तीही बिचारी न विचारताच गेली.

समोरचं पोस्टर एका गायिकेच्या पहिल्यावहिल्या कार्यक्रमाचं होतं. कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, आयोजकांनी गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीत घातला. पुढे ती फार मोठी झाली, आणि डिंक्याने ठेवून घेतलेलं हे एकच पोस्टर जगात उरलं. संग्राहक तिच्या पोस्टरांचं प्रदर्शन भरवत होता. 'खाली तुमच्या नावाची पाटी लावू,' असं त्याने फोनवर कबूल केलं होतं. तेव्हापासून आठ दिवस डिंक्या ज्याला त्याला हेच सांगत सुटला होता. दूधवाल्याला तर दोनदा सांगून झालं होतं.

संग्राहकाने पोस्टर उलटं केलं. मागे प्लायवूडची फळी होती.

"हे चिकटवलंय?"

"मग! वाऱ्यावर सोडू का? बत्तीस वर्षांत एक कोपरा उचकटला नाही बघा."

"अहो आजोबा, गुंडाळून माळ्यावर फेकलं असतंत तरी चाललं असतं! मला कागद हवाय. फळ्या काय टांगू मी तिथे?"

"बाबांना जन्मात एकच काम आलं," दारातून मुलगा म्हणाला, "तेही नको तिथे करून बसले."

"काढून देतो की," डिंक्या घाईघाईने म्हणाला. "मीच लावलंय, मीच काढतो."

लावलेलं पोस्टर त्याने आयुष्यात कधी काढलं नव्हतं. सुनेने कुरकुरत गरम पाणी आणून दिलं. फडकं भिजवून तो कडेकडेने शेकत राहिला, मग भाजीची सुरी आत सरकवली. अर्ध्या तासात बोटभर कागद सुटला. खळ अजून ताजी असल्यासारखी धरून होती. एरवी त्याने मिशीला पीळ दिला असता. आज त्याला स्वतःच्या हातांची चीड आली.

"असं तर उद्या उजाडेल. द्या इकडे," म्हणत संग्राहकाने सुटलेला कोपरा पकडला.

"ओढू नका साहेब, ओढू नका!"

त्याने ओढलं. कागद गायिकेच्या केसांपासून ओठांपर्यंत टरकन फाटला. निम्मा चेहरा फळीवर राहिला, निम्मा संग्राहकाच्या हातात आला. तो त्याने टेबलावर टाकला आणि रुमालाने बोटं पुसली.

"चिकटवलंत मात्र झकास," तो म्हणाला, आणि हसला.

डिंक्या त्याच्या मागे दारापर्यंत गेला. "साहेब, ती पाटी... नावाची..."

"कशाखाली लावू?" संग्राहकाने विचारलं. खरोखरच उत्तर हवं असल्यासारखा तो क्षणभर थांबला, मग जिना उतरून गेला.

डिंक्या आत आला तेव्हा मुलगा फळीवर टकटक करून बघत होता.

"फळी खणखणीत आहे. चपलांच्या मांडणीला एक कप्पा होईल."

सून वितीने मोजू लागली. लांबी बरोबर भरत होती. डिंक्याने सदऱ्याच्या बाहीने फळीवरचं पाणी टिपलं, सुटलेली कड अंगठ्याने दाबून बसवली.

"चित्राची बाजू खाली कर गं," तो सुनेला म्हणाला. "वर ठेवलीस तर चपला घासतील."