बंदरावर गेलेली तागाची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे, पुसदजवळच्या तांड्यातली. पण मला मासे पकडणारी समजलात तर मी रुसेन हं! मी ओझं उचलणारी आहे.

गंगीने ताग नाल्यात भिजवला, सोलला, वळला आणि मला विणलं. तिचा नवरा हरिसिंग. त्याचे वाडवडील बैलांवर धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. दारव्ह्याचे किसनराव मुंबई बंदरावर मुकादम होते. त्यांनी हरिसिंगला हमालीला बोलावलं आणि एक भक्कम जाळीही आणायला सांगितली. निघताना गंगी म्हणाली, "माझ्या हातचं काम हाये. माल खाली पडला तं माझं नाक कापलं जाईन."

१९६३ साल होतं. गोठवलेली कोळंबी परदेशी धाडायची होती. काय ती धांदल! यारीचा, म्हणजे क्रेनचा, आकडा डोक्यावर झुलत होता, जहाजाची थंडगार कोठी उघडी होती. बर्फगाडीतून खोकी निघाली की थेट माझ्यात, माझे चारही कोपरे आकड्याला, आणि मी वर! मध्ये थांबायचं नाही, अशी रीत. किसनराव जहाजावर चढले आणि नेमकं तेव्हाच नवख्या हरिसिंगला खोक्यांवर पाणी सुटलेलं दिसलं.

माल ओलसर झाला की गोणी सोडून ऊन दाखवायचं, हे त्याच्या रक्तातच होतं. त्याने भरलेली खोकी माझ्यातून काढून धक्क्यावर चक्क उन्हात पसरली! माझा जीव कासावीस झाला, पण जाळीला तोंड कुठे असतं?

"काय करून राह्यला बे?" किसनराव वरून ओरडले.

"माल ओला झाला, मुकादम. वाळवून राह्यलो."

"अबे, हे ज्वारी नोहोय, झिंगे हायेत! बर्फ पाघळला तं सारे सडतीन, अन् उद्यापासून आपल्याले इथं कोणी उभं करणार नाही!"

हरिसिंगचा चेहरा खर्रकन उतरला. मग जी पळापळ झाली! दोन फेऱ्यांचा माल एकदमच माझ्यात रचला. यारीवाला नको नको म्हणत होता, तरी किसनरावांनी हात वर केला. मी उचलले गेले. अर्ध्यावर माझी एक दोरी काडकन तुटली. खाली हरिसिंगने डोळे मिटले. पण गंगीने प्रत्येक गाठ वेगळी आवळली होती, त्यामुळे उसवण शेजारच्या गाठीपाशीच थांबली. एकही खोकं पडलं नाही! जहाजावर माल तपासून घेणाऱ्या तपासनिसाने एक खोकं फोडून कोळंबीवर टिचकी मारली. दगडासारखी टणक! माल ठेवून घेतला गेला, आणि मी आनंदाने नुसती डोलत होते.

पुढे कित्येक जहाजं मी भरली. मग लोखंडी साखळ्या आल्या आणि मी ओल्या कोपऱ्यात उंदरांच्या तावडीत पडले. शेवटी हरिसिंगनेच मला घरी आणलं. सगळी हकीकत त्याने तांड्यासमोर स्वतःच सांगितली.

"झिंग्याइले ऊन दाखवलं?" गंगी हसून हसून लोटपोट झाली. मग तिने माझी तुटलेली जागा चाचपली. "एवढं ओझं धरलं इनं?" म्हणाली आणि ताग आणायला उठली.

मित्रांनो, आता ती माझ्यासाठी नवा ताग वळते आहे. तुमच्याही घरात कुणी कोपऱ्यात पडलं असेल, तर टाकून देऊ नका. त्याची जेवढी तुटली तेवढीच दोरी जोडा. बाकीची जाळी अजून धड असते.