टर्झाच्या तीन ओळी

टर्झा ओकरलंड सातवीत होती आणि तिला तर्कशास्त्राचं भलतंच वेड लागलं होतं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या त्या लहानशा गावात शाळा भरायची चर्चच्या तळघरात. लॅटिनच्या तासाला जांभया देणारी ही पोर तर्काच्या तासाला मात्र पहिल्या बाकावर. घरी तर तिनं उच्छाद मांडला होता. आई म्हणाली, "सगळ्यांच्या घरी असंच असतं," की ही बोट नाचवत म्हणणार, "सगळे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही, आई." आईनं कधीच हात टेकले होते.

दर शुक्रवारी वर्गात शिकार असायची. आठवड्यात कानावर पडलेला फसवा युक्तिवाद कुणाचंही नाव न घालता कागदावर लिहून आणायचा, वर्गानं त्यातली चूक पकडायची आणि कागद भिंतीवर टाचायचा. या शुक्रवारी टर्झानं आणलेला कागद गंमत म्हणून आणलेला नव्हता.

फेब्रुवारीत तिचे आजोबा गेले. त्याआधी सहा आठवडे ती रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. आणि परवाच्या रविवारी, चर्चमधल्या जेवणात बटाट्याचं कॅसरोल दुसऱ्यांदा वाढून घेता घेता लोर्ना आत्या कुणाला तरी म्हणाली, "खऱ्या विश्वासानं मागितलं की मिळतंच." बाईला काय, बोलून मोकळी! टर्झानं ताट बाजूला सारलं. घरी येऊन तिनं वहीत मांडलं:

खऱ्या विश्वासानं मागितलं तर मिळतं.
अमकीनं मागितलं ते मिळालं नाही.
म्हणून अमकीचा विश्वास खरा नव्हता.

मग ती चूक शोधायला बसली. वहीतले एकूण एक फसवे नमुने ताडून पाहिले. छे, युक्तिवादाचा सांगाडा चोख होता. बर्फ पडला असता तर अंगण पांढरं झालं असतं. अंगण पांढरं नाही, म्हणजे बर्फ पडला नाही. हुबेहूब तोच नमुना. म्हणजे आजोबा आपल्यामुळेच गेले, असं तिनं धरूनच टाकलं. पाच दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

तर्कशास्त्राच्या वँडरस्लूट सरांनी कागद वाचून दाखवला. वर्गातल्या हुशार एझ्रानं लगेच निकाल दिला, "सर, यात चूकच नाही. सांगाडा पक्का आहे."

"आहे खरा," सर म्हणाले. टर्झानं मान खाली घातली. "पण पहिली ओळ कुणी तपासली?"

"ती तर दिलेलीच असते ना, सर?"

"वहीत मी देतो, शहाण्या. बाहेर कोण देतं? तीच खोटी असली तर पक्का सांगाडा काय चाटायचाय? ती खोटी पाडायला उदाहरणं किती लागतात?"

"एक," टर्झा म्हणाली. तिनं मान वर केली होती.

"मग शोधा. खऱ्या विश्वासानं मागितलं आणि मिळालं नाही, असा एक माणूस मला द्या."

टर्झाचं डोकं भराभर चालायला लागलं. बायबलमधल्या हन्नाला मूल मिळालं. हिज्कीया राजाला आयुष्य वाढवून मिळालं. दावीद राजाचं बाळ वाचलं नाही, पण एझ्रा लगेच म्हणणार, त्यानं पाप केलं होतं. पाप न केलेला माणूस हवा.

"येशू," ती म्हणाली. "अटकेच्या रात्री, बागेत. क्रुसावरचं दुःख टळावं म्हणून त्यानं देवबापाला विनवलं. टळलं नाही."



"त्याचा विश्वास कच्चा होता म्हणणारं कुणी आहे?" सरांनी विचारलं. कुणी नव्हतं. सरांनी पहिल्या ओळीवर काट मारली.

टर्झाला हायसं वाटलं, पण घटकाभरच. पाच दिवस ती स्वतःच्या गुन्ह्यातच अडकली होती. गुन्हा गेला आणि उरले नुसते आजोबा, जे आता कुठेच नव्हते. ते गेल्यापासून ती पहिल्यांदाच त्यांच्यासाठी रडली, बाकावर डोकं टेकून, हुंदके देत.

सरांनी बाकीच्यांना मैदानात पिटाळलं आणि तिच्या शेजारी येऊन बसले.

"मग ते का गेले, सर?"

"ठाऊक नाही, पोरी," सर म्हणाले, आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी तिथून उठले नाहीत.