डोंगरावर मळे

त्या साली पाडव्याला दत्तोपंतांनी देवळात पंचांग वाचलं आणि सांगून टाकलं, वैशाख सरेपर्यंत मोरकड्याच्या डोंगराच्या या अंगाला थेंब पडायचा नाही. दत्तोपंत बेळगावात कोर्टात कारकून, राहायला टिळकवाडीत. गावात थोडी जमीन, म्हणून पाडव्याला यायचे आणि आले की आठ-पंधरा दिवस राहायचे. त्यांच्या तोंडून पावसाची खबर ऐकून डोंगराच्या पायथ्याचं ते गाव निर्धास्त झालं. कारण गावच्या माळावर कच्च्या विटा वाळत पडल्या होत्या आणि त्या विटांची शाळा व्हायची होती.

शाळेचं असं झालं होतं. लोकल बोर्डानं कळवलं, मास्तर आम्ही देऊ, इमारत तुमची तुम्ही बांधा. मृगाच्या आत भिंती उभ्या दिसल्या नाहीत तर मास्तर पलीकडच्या गावाला जाईल. साहेबाच्या बंगल्याला विटा सरकारच्या, आणि गरिबाच्या पोरांच्या शाळेला विटा गरिबाच्या. हा कुठला न्याय म्हणून अर्ज करावा, तर दत्तोपंत यायचे ते पाडव्याला, एरवी गावात लिहिणारा कोण होता? म्हणून लोकांनी चिखल तुडवला आणि विटा थापल्या.

सगळ्यात जास्त विटा मनुबाईनं थापल्या. तिला कारण होतं. तिच्या सासऱ्यानं डोंगरावर झऱ्याच्या कडेला दगड वेचून मळा केला होता. रताळी, मिरची, चार वांगी. एक दिवस तिचा नवरा नागोजी गवत कापायला गेलेला असताना जंगलखात्याचा कारकून दारात आला. म्हणाला, डोंगर राखायचा कागद आहे, अंगठा कर. तिनं केला. कागदात लिहिलं होतं की आम्ही मळा राजीखुशीनं सोडतो. आख्ख्या गावाचे मळे असेच गेले. कामावर शीळ घालणाऱ्या नागोजीनं त्या दिवसापासून शीळ सोडली, आणि तेच तिला जास्त लागलं. तेव्हापासून तिचं एकच होतं, आपल्या पोरीच्या, जयाच्या अंगठ्याला शाई लागता कामा नये. जयानं सही करायची, ती पण वाचून.

विटा वाळत आल्या होत्या, भट्टी रचायची तेवढी बाकी होती. अशात एका सकाळी मष्णू धापा टाकत आला. मष्णू गावचाच, लोंढ्याच्या स्टेशनवर नुकताच हमाल म्हणून लागलेला. स्टेशनात म्हैसूरकडचा एक नवा स्टेशनमास्तर आला होता. तारेच्या यंत्रावर काहीतरी कडकड झाली, ती ऐकून मास्तर उठला, मष्णूला म्हणाला, गावाला जा आणि सांग. काय सांग, तर, "गुड्डद मेले मळे. दोड्ड मळे."

"मेले कोण रं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"कोण न्हाय मेलं, आप्पा. मेले म्हंजे वर. डोंगरावर मळे. मोठे मळे. सर्कारनं डोंगर सोडला, तार आलीया."

आता कानडी काय या गावाला नवं होतं? खानापूरच्या बाजारात निम्मा व्यवहार कानडीत चालायचा. पण बाजारातली कानडी ती धारवाड-बैलहोंगलकडची, आणि तिच्यात पावसाला म्हणतात मळी. म्हैसूरवाला म्हणतो मळे. तो शब्द गावानं कधी ऐकला नव्हता, आणि आपला मराठी मळा तर रोज स्वप्नात दिसत होता. मनुबाईला तर दुसरं काही ऐकूच येईना.

दत्तोपंत म्हणाले, असा हुकूम तारेनं येत नसतो, लेखी येऊ दे. त्यांचं कोण ऐकतो? लेखी कागदावरचा या गावाचा विश्वास कधीच उडाला होता. कोयते, कुऱ्हाडी, कुदळी घेऊन बाया-बापडे सगळे डोंगर चढायला लागले. दुसऱ्या गावानं हद्द धरायच्या आत आपली धरायची. माळावर विटा आणि विटांपाशी एकटे दत्तोपंत राहिले.

मनुबाईला झरा सापडला. घाणेरीची झुडपं माजली होती, पण सासऱ्यानं रचलेला बांध तसाच होता. तिनं हद्दीचा दगड हातानं चाचपला आणि त्याच्यावर बसली. नागोजी घाणेरी तोडत होता आणि बऱ्याच वर्षांनी शीळ घालत होता. उकाडा असा की पान हलत नव्हतं. तिनं सहज मान वर केली, तर गोव्याच्या अंगाला आभाळ काळं ठिक्कर. खालून ते दिसत नव्हतं, मोरकडा मधे आडवा होता.

तेवढ्यात जंगलाचा गार्ड वरच्या वाटेनं खाली पळत येताना दिसला. बैलहोंगलकडचा माणूस. लोकांनी कोयते पाठीमागं धरले. गार्ड हात हलवत ओरडत होता, "मळी बरतैती, केळग नडीरी." पाऊस येतोय, खाली चला.

मळी. मनुबाईच्या डोक्यात तो शब्द मष्णूच्या शब्दावर जाऊन आपटला. मळी, मळे. ती उठून मष्णूकडे वळली.

"मष्ण्या, तुझ्या मास्तरानं मळे न्हाय दिले रं. पाऊस येतोय म्हणून सांगितलं त्यानं."

मष्णूनं कपाळावर हात मारून घेतला; गावच्या विटांचं त्यानंच मास्तरला हातवारे करून सांगितलं होतं. कुणीतरी त्याच्या अंगावर धावून गेला. मनुबाई मधे पडली. भांडाय मागनं वेळ हाय म्हणाली, विटा उघड्या पडल्यात. आता झाकायचं कशानं? चैत्रात गावात गवताची काडी उरत नाही, सगळं गुरांच्या पोटात गेलेलं. आणि इथं डोंगरावर आख्खं गाव हातात कोयते घेऊन उभं होतं, वर जांभळी आणि कुंभ्याची झाडं पानांनी गच्च. तिनं कोयता उचलला आणि जांभळीच्या फांदीवर घातला.

गार्ड पुढं आला. तोडल्यास केस करीन म्हणाला.

"कर की," मनुबाई म्हणाली. "माझं नाव पैलं लिही. मनुबाई नागोजी. अंगठा न्हाय देणार आता, माझी पोरगी सही करंल. पण तिला शिकाय शाळा पायजे, आन् शाळेच्या विटा आता भिजत्याल."

गार्डाला मराठी सगळं कळत होतं. त्यानं आभाळाकडे बघितलं, लोकांकडे पाठ केली आणि पाऊस कुठवर आला ते बघायला खडकावर जाऊन बसला. देवमाणूस वगैरे काही नव्हता तो. पुढच्या आठवड्यात येऊन दोन कोंबड्या घेऊन गेला. पण त्या घडीला पाठ केली, एवढं मान्य करायला पाहिजे.

फांद्यांचे भारे डोक्यावर घेऊन गाव डोंगरावरून घसरत, पडत, उठत खाली आलं. माळावर बघतात तर दत्तोपंत धोतराचा काचा मारून विटांच्या ढिगावर आपल्या बैलगाडीचा बांबूचा तट्टा ओढतायत, टोपी कुठं उडाली पत्ता नाही. मनुबाईला बघून एवढंच म्हणाले, "पंचांग चुकलं गं बाई. ते टोक धर." तिनं टोक धरलं.

वळीव आला तो गारा घेऊन. एका अंगाच्या विटांचा परत चिखल झाला. पण चिखल म्हणजे काय, परत तुडवायचा, परत थापायच्या. बाकीच्या विटा झाकल्या गेल्या आणि वाचल्या. मष्णू रात्र होईपर्यंत चिखलात उभा राहून तुटक्या विटा गोळा करत होता. त्याला कुणी हसलं नाही. मनुबाईनं तर त्याला सांगितलं, तू नीट सांगितलं असतंस तर पाला आणायला वर कोण गेलं असतं, आम्ही खाली बसून नुसतं आभाळ बघत राहिलो असतो.

मृगाच्या आत भिंती उभ्या राहिल्या. बोर्डाचा ओव्हरसियर शाळेच्या नव्या मास्तरला बरोबर घेऊन बघायला आला, छडीनं भिंत ठोकली, काही खोट सापडेना. मग वाकून बघायला लागला. पुष्कळशा विटांवर पानं उमटली होती. वरच्या थराच्या विटा ओल्या झाल्या, फांद्या त्यांच्यावर दाबल्या गेल्या, आणि भट्टीत तशाच भाजून निघाल्या. जांभळीचं पान शिरेसकट दिसत होतं.

ही नक्षी कशानं काढली म्हणून त्यानं विचारलं.

मनुबाई जयाचा हात धरून दारातच उभी होती.

"मळ्यानं," ती म्हणाली. "दोड्ड मळे."

ओव्हरसियर पुण्याकडचा होता, त्याला काही कळलं नाही. गाव मात्र इतकं हसलं की नवा मास्तर बाहेर आला. आणि जया त्याच्या बाजूनं आत शिरून पहिल्या ओळीत जाऊन बसली.