राजहंस गाडीचं ‘कुछ नहीं’

न बिघडलेली गाडी कुणी फुकटात दुरुस्त करून दिली, तर आपण काय करू? खूश होऊ, आणखी काय! आपल्या इंदूरच्या स्नेहलतागंजातले डॉक्टर श्रीपाद पोतनीसही असेच खूश झाले होते, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

वैशाखातले दिवस. मध्यभारत सरकार उन्हाळ्यापुरतं ग्वाल्हेरहून इंदूरला मुक्कामाला आलेलं. अशात एका सकाळी मोटार एजन्सीचा चपराशी डॉक्टरांच्या दारात चिठ्ठी घेऊन उभा. “आपली राजहंस गाडी एक दिवसासाठी पाठवावी. कंपनीतर्फे मोफत तपासणी.” डॉक्टरांची राजहंस म्हणजे त्यांचा जीव की प्राण! सांवेर असो की देपालपूर, कुठलंही बाळंतपण अडलं की हीच गाडी धावायची. त्यांनी लगेच पाठवली.

संध्याकाळी गाडी परत आली ती धुऊनपुसून, नवरीसारखी चमकत. सोबत कागद, त्यावर दोनच शब्द: ‘काम पूर्ण’.

“कसलं काम पूर्ण?” डॉक्टरांनी गाडी आणणाऱ्या मालोजी मिस्त्रीला विचारलं.

मालोजीने नजर चुकवली. “कुछ नहीं डॉक्टरसाब. बस, देख ली.”

आता डॉक्टर मोठा चौकस माणूस. दुसऱ्या दिवशी कोट काढून, वाकून, गाडीखाली बघितलं. सगळीकडे तीन वर्षांची काळी माती चिकटलेली, आणि डाव्या चाकाशी, जिथे स्टेअरिंगची दांडी येऊन मिळते, तिथला जोड मात्र नवा कोरा! बदलला होता. न विचारता, न सांगता!

डॉक्टर तडक एजन्सीत. तिथले मॅनेजर शरच्चंद्रबाबू म्हणजे इस्त्रीच्या घडीसारखा माणूस. बोलणं गोड, पण हाताला काही लागायचं नाही.

“माझ्या गाडीत काय बिघाड होता?”

“कुछ नहीं, डॉक्टरसाहेब. रूटीन असतं कंपनीचं.”

“मग जोड का बदलला?”

“अहो, टेक्निकल बाब आहे ती. तुम्हाला काय कळणार त्यातलं? आणि असं सगळं सांगत बसलं, तर लोक उगाच घाबरतात. तुम्ही आरामात गाडी चालवा. चहा घेणार?”

डॉक्टरांनी चहा घेतला नाही. घरी येऊन पानावर बसले ते धुमसतच, आणि बायकोला म्हणाले, “शशिकला, गाडी माझी, जीव माझा, आणि मला म्हणतो काय, कुछ नहीं! मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

शशिकलाबाई वाढता वाढता गालात हसल्या.

“हसायला काय झालं?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या, आणि आणखी हसल्या.

मंडळी, ते हसू डॉक्टरांना त्या दिवशी कळलंच नाही. ते कळलं दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठला.

डॉक्टरांचा दवाखाना घराच्या पुढच्याच खोलीत. त्या सकाळी ही गर्दी! बेटम्याचा दिनानाथ आईच्या खोकल्याचं औषध न्यायला आला होता. हा दिनानाथ धारच्या एका शेठजींकडून घेतलेली जुनी राजहंस टॅक्सी म्हणून चालवायचा. औषधाची बाटली रुमालात गुंडाळत तो म्हणाला, “डॉक्टरसाब, तुमची पण राजहंसच ना? आमच्या गाडीचं हँडल चार दिवसांपासून खेळून राहिलं आहे. डावीकडे ओढतं. एजन्सीत गेलो, तर म्हणाले, तुझी गाडी आमच्या रजिस्टरात नाही. आज साडेअकराला बारात घेऊन मांडूला निघायचं आहे. काही भानगड तर नसेल?”

डॉक्टर खाली मान घालून पुढच्या रोग्याचं औषध लिहीत होते. मान वर न करता, रोज शंभरदा म्हणतात तसंच म्हणाले, “काही नाही, काही नाही. होईल ठीक. चल, पुढचा कोण?”

दिनानाथ हात जोडून निघून गेला. डॉक्टरने सांगितलं ना, काही नाही, मग संपलंच!

पण आतल्या दारात शशिकलाबाई उभ्या होत्या. त्या कन्याशाळेत शिकवायच्या. निघायच्या तयारीत, हातात छत्री. त्यांनी ती छत्री दाराला टेकवली आणि रोग्यांसमोरच म्हणाल्या, “अहो, आत या.”

“गर्दी दिसत नाही का?”

“म्हणूनच म्हणते, आत या!”

आत गेल्यावर त्या एकदम बोलल्या. “आत्ता त्याला काय सांगितलंत?”

“कुणाला?”

“दिनानाथला! हँडल डावीकडे ओढतं, म्हणाला तो. तुमच्या गाडीचा जोड कुठल्या बाजूचा बदलला?”

डॉक्टरांनी हातातली लेखणी खाली ठेवली. डावा! तोच जोड!

“काल त्या मॅनेजरने तुम्हाला ‘कुछ नहीं’ म्हटलं, तर तुम्हाला जेवण गोड लागलं नाही. आणि तुम्ही सकाळपासून तीस जणांना ‘काही नाही’ म्हटलंत! लोक दहा कोस चालून येतात हो. मला काय झालंय, एवढंच विचारतात. तुम्ही म्हणता, काही नाही. मग औषध कशाचं देता?”

“अगं, त्यांना काय कळणार? उगाच घाबरतील...” डॉक्टर म्हणाले, आणि म्हणता म्हणता चमकले. कारण हे वाक्य त्यांनी कालच ऐकलं होतं, शरच्चंद्रबाबूंच्या तोंडून, शब्दन्‌शब्द!

बारात साडेअकराला निघणार होती. आणि मांडूला जायचं, म्हणजे वाटेत घाट.

डॉक्टरांनी रोग्यांना हात जोडले, “माफ करा, जीवाचं काम आहे,” म्हणाले आणि गाडी काढली. एजन्सीच्या वर्कशॉपमध्ये मालोजी एकटाच होता. बाबू अजून यायचे होते.

“मालोजी, खरं सांग. त्या जोडात काय दोष आहे?”

“कुछ नहीं साब.”

“अरे, नऊ-दहा माणसं बसणार आहेत त्या दिनानाथच्या गाडीत!”

मालोजीचा चेहरा हलला. पण तो पाना पुसत राहिला, पुसत राहिला, आणि मग अशा शांतपणे बोलला की ओरडला असता तर बरं.

“डॉक्टरसाब, बुरा मत मानना. माझी घरवाली लीला सहा महिने तुमच्याकडे येते आहे. जिना चढली की धाप लागते. मी चारदा विचारलं, हिला काय झालंय? चारही वेळा तुम्ही म्हणाला, काही नाही. मी गरीब आदमी, मानलं. आता तुम्ही विचारता, तर मी पण म्हणतो, कुछ नहीं. माझी तर नोकरी जाईल साब. तुमचं काय जाणार होतं?”

मंडळी, डॉक्टरांना घाम फुटला. बाहेर उकाडा होता, पण हा घाम उकाड्याचा नव्हता.

ते तिथल्याच एका जुन्या टायरवर बसले. मालोजीच्या बरोबरीने.

“ऐक, मालोजी. हृदयात पडदे असतात. रक्त एकदा पुढे गेलं की मागे येऊ नये, म्हणून ते मिटतात. लीलाचा एक पडदा नीट मिटत नाही. रक्त थोडं मागे येतं, म्हणून हृदयाला दुप्पट मेहनत पडते, म्हणून धाप लागते.”

मालोजीने एक क्षण विचार केला. “मतलब वॉल्व लीक है?”

डॉक्टर बघतच राहिले! सहा महिने ज्याला काही कळणार नाही असं धरून चालले होते, त्याला एका मिनिटात सगळं कळलं होतं. अगदी बरोब्बर!

“हो रे बाबा, वॉल्व लीक आहे. सांभाळलं, तर ती पुष्कळ वर्षं नीट राहील. ओझं उचलायचं नाही, मीठ कमी, आणि औषध चुकवायचं नाही.”

“ओझं नाही?” मालोजीने पाना खाली टाकला. “साब, ती रोज दोन मजले पाणी चढवते! मी पाहत बसतो. तुम्ही सांगितलं असतं, तर मी भरलं असतं ना!”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “चुकलं माझं, मालोजी. मोठी चूक झाली.”

एवढा मोठा डॉक्टर, टायरवर बसून, मिस्त्रीपुढे चूक कबूल करतो! मालोजी उठला. कपाटातून नवा जोड काढला, आपल्या हाताने चिठ्ठी लिहून तिथे ठेवली, जॅक उचलला.

“चला साब. त्या जोडाचं लोखंड कच्चं आहे. अकरा गाड्यांचे मी काढले, त्यातल्या चारांना तडा होता. काढलेला माल पेटीत बंद करून मुंबईला गेला. तोंड उघडायचं नाही, असा हुकूम. बाकीचं रस्त्यात बोलू!”

आणि मग ती गाडी काय सुटली म्हणता! बेटमा येईपर्यंत कुठे थांबली नाही.

बेटम्यात बँड वाजत होता. नवरदेव मुंडावळ्या बांधून गाडीत बसलेला, मागे बायका दाटीवाटीने, आणि दिनानाथ हँडलला हार बांधत होता. डॉक्टरांनी आपली गाडी सरळ त्याच्या गाडीपुढे आडवी घातली.

“उतरा! सगळे उतरा!”

नवरदेवाचे मामा भडकले. “अहो, डॉक्टर असाल आपल्या घरचे! गोरज मुहूर्त आहे, मांडू गाठायचंय!”

एरवी डॉक्टर म्हणाले असते, तुम्हाला काय कळणार, मी सांगतो ते करा. त्या दिवशी ते गाडीच्या पायरीवर चढले आणि त्यांनी भर बारातीला समजावून सांगितलं. हँडल फिरवलं की चाक का वळतं, मधला जोड काय करतो, आणि तो घाटात तुटला, तर काय होईल. बँडवाले वाजवायचे थांबून ऐकायला लागले. बायका निमूट उतरल्या. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी घाबरून पळालं नाही!

मालोजी गाडीखाली शिरला. ठक. ठक. दुसऱ्या ठोक्याला जोडाचे दोन तुकडे त्याच्या हातात!

दिनानाथने हातातला हार खाली ठेवला. “तुम्ही काही नाही म्हणाला होतात ना, डॉक्टरसाब,” एवढंच तो बोलला.

“म्हणालो होतो,” डॉक्टर म्हणाले. “पुन्हा कधी म्हणणार नाही.”

नवरदेवाच्या मामांनी ते दोन तुकडे हातात घेऊन पाहिले आणि बँडवाल्यांकडे वळून ओरडले, “थांबलात काय भिया? बजाओ!” मालोजीने पाऊण तासात नवा जोड बसवला, आणि तो पाऊण तास बँड अखंड वाजत होता! बारात त्याच गाडीतून निघाली, आणि गोरज मुहूर्त मिळाला.

इथे गोष्ट संपली असती. पण डॉक्टरांनी संपवली नाही.

शनिवारी त्यांनी इंदुरातले सगळे राजहंसवाले दवाखान्यात बोलावले. वकील आले, कापडवाले आले, सरकारी कचेरीतले जयसिंगराव आले. टेबलावर ते दोन तुकडे. प्रत्येकाने हातात घेऊन पाहिले, आणि प्रत्येकाला आठवलं, अरे, आमची गाडी पण धुऊन आली होती! तेवढ्यात मालोजी आला. शरच्चंद्रबाबूंनी त्याला कामावरून काढलं होतं.

मग काय! सगळ्या राजहंस एका रांगेत एजन्सीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“कंपनीचा माल तुम्ही बाहेर कसा दाखवता?” बाबू फणकारले.

“दिनानाथची गाडी तुमच्या रजिस्टरात नाही, असं तुम्हीच म्हणालात!” डॉक्टर म्हणाले. “मग हा जोड कंपनीचा कसा? हा दिनानाथचा! घ्या, हातात घेऊन बघा तरी.”

बाबूंनी तुकडे हातात घेतले. तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. आणि तो इस्त्रीचा माणूस एकदम चुरगळला.

“माझ्या मुली रोज माझ्या राजहंसमधून शाळेत जातात,” ते हळूच बोलले. मग खण उघडून त्यांनी कंपनीचा कागद पुढे सरकवला. त्यावर एवढंच होतं: जोड बदलावा, मालकाशी चर्चा करू नये. “मला तरी कुणी काय सांगितलं हो? मी विचारलं होतं. उत्तर आलं, काही विशेष नाही!”

म्हणजे वरपासून खालपर्यंत, प्रत्येक जण खालच्याला तेच सांगत आला होता!

“मग आता विचारा,” जयसिंगराव म्हणाले. “आम्ही सगळे खाली सह्या करतो.”

शरच्चंद्रबाबूंनी तिथेच मुंबईला पत्र लिहिलं. पहिली सही त्यांची, दुसरी मालोजीची, कारण मालोजीला त्यांनी त्याच मिनिटाला परत कामावर घेतलं. पंधरा दिवसांत कंपनीचा इंजिनियर इंदुरात हजर! वर्तमानपत्रांत कंपनीने आपल्या नावानिशी छापलं: कुठल्या नंबरांच्या गाड्या, कुठला जोड, काय दोष, काय होऊ शकतं, गाडी जुनी घेतलेली असली तरी या, बदलून देऊ. देवास, महू, उज्जैन, कुठून कुठून गाड्या आल्या. त्यांतल्या तीन गाड्यांचा जोड तडकलेला निघाला. तीन गाड्या, मंडळी! त्यांत बसणारी माणसं मोजा तुम्हीच.

आणि कंपनी बुडाली का? छे! लोक म्हणाले, चूक सांगते ती कंपनी भरवशाची. एजन्सीत आता पाटी आहे: ‘अपना पुराना पुर्जा देखकर ले जाइए।’ काढलेला भाग मालोजी स्वतः मालकाच्या हातात देतो आणि का काढला, ते समजावतो.

डॉक्टरांच्या दवाखान्यात पाटी नाही, पण टेबलासमोर एक खुर्ची जास्त आली आहे. रोग्याने विचारलं, मला काय झालंय, की डॉक्टर लेखणी खाली ठेवतात आणि म्हणतात, “बसा. सांगतो.” गर्दी हलायला वेळ लागतो. शशिकलाबाईंची शाळेची वेळ होते, तरी त्या दारात क्षणभर थांबून ऐकतात.

तर बंधुभगिनींनो, जे आपलं आहे, मग ती गाडी असो की काया, त्यात काय बिघडलंय हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ‘काही नाही’ हे उत्तर घेऊ नका! आणि आपल्याला कुणी विचारलं, तर तेच उत्तर देऊही नका. समोरच्याला कळतं. आपण सांगत नाही, एवढंच.

खोटं वाटत असेल, तर सकाळी मालोजीच्या चाळीत जाऊन बघा. दोन्ही हातांत बादल्या घेऊन तो जिना चढत असतो, आणि लीलाबाई वर कठड्याशी उभी. शेजारीपाजारी चिडवतात, “क्यों मालोजी भिया, बायकोचं पाणी भरून राहिला? क्या हो गया?”

मालोजी ‘कुछ नहीं’ म्हणत नाही. तो दोन्ही बादल्या पायरीवर ठेवतो, घाम पुसतो आणि म्हणतो, “बैठो, समझाता हूँ. दिल में एक वॉल्व होता है...”