निळ्या पिंपाचं कुलूप

मित्रांनो, किल्लीवाचून, आपल्या मनानं उघडलेलं कुलूप पाहिलंय कधी? ते मी! हसा खुशाल. ही गोष्ट आजवर कुणाला पटली नाही, तुम्हालाही पटायची नाही.

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. तिजोरी राखायची स्वप्नं पाहत होतो. आशाबाईंनी मला शहागंजच्या बाजारातून आणलं आणि दारातल्या निळ्या पिंपाला लटकवलं. पाऊस रुसलेला, शहर मात्र चहूबाजूंनी फुगत चाललेलं. आमच्या नव्या वस्तीत नळ नव्हता. आठवड्यातून एकदा टँकर यायचा. मग काय, सोनं उघड्यावर अन् पाणी कुलपात! माझा दरारा असा, की तहानलेले कावळेसुद्धा सलाम ठोकून पुढं जायचे.

एका दुपारी माझ्या पोटात केसांची पिन शिरली. गुदगुल्याच झाल्या. पाहतो तर मुनिरा, गल्लीत नव्यानं भाड्यानं आलेली. कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू, पायाशी रिकामा हंडा. तेवढ्यात टँकरची पाळी लावणाऱ्या साहेबरावांनी तिला पकडलं. गल्ली गोळा झाली.

"चला चौकीत! आज हिला सोडलं, तर उद्या एक पिंप राहायचं नाय."

"भाऊ, सकाळधरनं दारोदार फिरले," मुनिरा म्हणाली. "कुणी घोटभर दिलं नाय."

माणसं खाली बघू लागली. पण साहेबरावांचंही खोटं नव्हतं. मागच्याच महिन्यात त्यांचं पिंप कुणीतरी रिकामं केलं होतं.

आता बोलायचं होतं आशाबाईंनी. चोर म्हणावं, तर लेकुरवाळी बाई ठाण्यात जाते. माफ करावं, तर उद्या कुलपाला कोण विचारणार? पदर सावरत त्या माझ्यावर ओणवल्या. लेकरू सुकल्या ओठांनी माझ्याकडं बघत होतं. मला राहवलं नाही. खट्! मी आपणहून उघडलो.

"उघडंच हाय की वो!" आशाबाई म्हणाल्या. "मीच तिला पाणी घे म्हणलं होतं. पिन घालत बसली येडी."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, साहेबरावांनी तर सगळ्यांत मोठा. तिथंच त्यांनी मुनिराला टँकरच्या पाळीत घेतलं. गर्दी पांगल्यावर आशाबाई हंडा भरता भरता हळूच म्हणाल्या, "चोरी ती चोरीच, पोरी. उद्यापास्नं पिन नाय, हाक मारायची."

पिन पुन्हा आली नाही. हाक मात्र रोज यायची.

आता घरात नळ आहे, मी खिळ्यावर गंजतोय. म्हणून विनंती, मित्रांनो, जुनी कुलपं भंगारात घालू नका, तेलाचा थेंब द्या. आम्हालाही मन असतं, वेळ आली की आम्ही आपोआप—

"थापाड्या!" शेजारी टांगलेली किल्ली खणखणली. "तू तर दात खाऊन मिटून बसला होतास. पदराआडून मला फिरवलं ते आशाबाईंनी!"